दाजीपूरच्या धुक्यातून किब्बरच्या बर्फात: थंडीतल्या वन्यजीव फोटोग्राफीची तयारी

स्टुडिओत येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, हिमबिबट्यासाठी हिमाचलातल्या स्पितीला जायचंय, सहाशे मिमीची लेन्स घेऊ का भाड्यानं?" कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं माझं दुकान चालतं लग्नाच्या फोटोंवर. बर्फातली जनावरं हा माझा नाद, आणि तो गावाला माहीत आहे. मी उलटे तीन प्रश्न विचारतो. बॅटऱ्या किती आहेत? जाड हातमोजे घालून फोकस पॉइंट हलवता येतो का? आणि संध्याकाळी गारठून खोलीत परत आलास की कॅमेरा कुठं ठेवणार? पहिल्या दोनांना काहीतरी उत्तर मिळतं. तिसऱ्याला पोरगं म्हणतं, "शेगडीजवळ, जरा गरम होईल की!"

इथंच गाडी चुकते. थंडीत कॅमेरा कुरकुरतो, स्क्रीन संथ होते, बॅटरी बसते, पण एवढ्यावरून तो सहसा खराब होत नाही. त्याला बाधते ती ऊब. श्वासाची, गाडीच्या हीटरची, पेटलेल्या बुखारीची, म्हणजे पहाडी घरातल्या शेगडीची. तिथं ऊब लागते ती दोघांनाच, बॅटरीला आणि तुमच्या बोटांना. बाकी सगळं सामान बाहेरच्या हवेइतकं गार राहिलं पाहिजे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी आइस्क्रीमवाल्या मित्राकडे जा

कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे १४-१५ अंश झाले की आपल्याकडे चौकाचौकात शेकोट्या पेटतात. उणे वीसचा सराव इथं कसा करणार? आइस्क्रीम पार्लरचा डीप फ्रीजर साधारण उणे १८ वर चालतो. कुणीतरी ओळखीचा असतोच.

लग्नाच्या व्हिडिओला वापरतो तो एनपी-एफ बॅटरीवरचा जुना एलईडी लाइट घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करून आधी बाहेर लावा, किती वेळ चालतो ते लिहून ठेवा. पुन्हा चार्ज करा, लाइट बंद ठेवून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी आतच चालू करा. वेळ किती घटला ते डोळ्यांनी दिसेल. कॅमेऱ्याची बॅटरीही लिथियम-आयनच असते. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, आतला विरोध वाढतो आणि चार्ज शिल्लक असूनही कॅमेरा "बॅटरी संपली" म्हणतो. तीच बॅटरी खिशात ऊब देऊन परत लावली तर आणखी काही फोटो निघतात. म्हणून बर्फात "संपलेली" बॅटरी पिशवीत टाकायची नाही, आतल्या खिशात परत ठेवायची. आणि गोठलेली बॅटरी तशीच चार्जरला कधीच लावू नका. शून्याखाली चार्ज केलं तर आत लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची अधू होते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

दुसरा प्रयोग दोन जुन्या यूव्ही फिल्टरांचा. एक उघडा, दुसरा झिपलॉक पिशवीत हवा काढून बंद, दोन्ही फ्रीजरमध्ये. तासाभरानं बाहेर काढा. उघड्या काचेला थंडगार सोड्याच्या बाटलीसारखा घाम फुटतो. पिशवीतली काच कोरडी राहते, पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला जमतं. हा घाम लेन्सच्या आतल्या काचांवर किंवा सर्किटवर धरला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. ही पिशवीच तुमचा खरा विमा आहे. कॅमेरा-लेन्स जोडलेल्या अवस्थेत मावेल एवढी मोठी घ्या आणि दोन-तीन जास्तीच्या ठेवा, कारण थंडीत प्लास्टिक कडक होऊन फाटतं.

तिसरा सराव पहाटे रंकाळा किंवा कळंबा तलावावर. पातळ लोकरी हातमोजे, वरून जाड मिटन, आणि पाणपक्षी. कॅमेऱ्याकडे न बघता आयएसओ बदला, एक्सपोजर कमी-जास्त करा, बॅटरी बदला. फिरायला आलेले लोक हसतील, हसू दे. मोज्यात बटण सापडत नाही असं कळलं तर ते काम दुसऱ्या मोठ्या बटणाला जोडून घ्या. उणे वीसला उघड्या हातानं मेन्यू चाळणारा माणूस दहा मिनिटांत बोटं गमावल्यासारखा होतो.

मग दाजीपूर

राधानगरी अभयारण्य, आपलं दाजीपूर, कोल्हापूरपासून ८० किलोमीटरच्या आसपास. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, आज ३५१ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात बंद असतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तिथं जे धुकं आणि दव असतं, ते बर्फाच्या परीक्षेची पूर्वतयारी म्हणून एकदम बेस्ट.

कारण गवा. मोठा नर टनाच्या आसपास जातो, अंग काळंभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे दिसेल ते मध्यम राखाडी समजून चालतं. काळ्या गव्यानं चौकट भरली की मीटर म्हणतं, अंधार आहे, उजेड वाढवा. गवा राखाडी होतो आणि पायांचे पांढरे भाग जळून जातात. तिथं एक्सपोजर उणे ०.७ ते उणे १ करावं लागतं. बर्फात याच्या बरोबर उलट. चौकटभर पांढरं दिसलं की मीटर उजेड कमी करतं आणि बर्फ मळकट निळसर राखाडी येतो. तिथं अधिक १ ते अधिक १.७. ज्यानं दाजीपुरात गव्यासाठी डोळे झाकून उणे केलंय, त्याला स्पितीतल्या किब्बर गावात अधिक करायला सांगावं लागत नाही. दोन्हीकडे चूक एकाच मीटरची आहे, हे हाताला पटलेलं असतं. नवरीच्या पांढऱ्याशुभ्र शालूवर आणि नवऱ्याच्या काळ्या सुटावर आयुष्य काढलेल्याला हे आधीच ठाऊक असतं म्हणा.

दाजीपुरात आणखी एक गोष्ट शिकायची ती थांबायची. माकडानं किंवा शेकरूनं इशारा दिला की आवाज कुठून आला यापेक्षा ते कुठं बघतंय ते बघा. हीच नजर पुढं कड्यावर कामाला येते. आणि गव्यापासून अंतर ठेवा. उसात गवा शिरला की मोबाईल घेऊन मागं धावणारी गर्दी आपल्याच जिल्ह्यात आपण बघतो. बिथरलेला गवा काय करतो, हे इथल्या माणसाला शिकवायची गरज नसावी.

धुक्यात पुढच्या काचेवर दव धरतं. आकाशदर्शनवाले वापरतात तो लेन्सचा हीटर-पट्टा रात्री किंवा पहाटे लावायला हरकत नाही. दिवसा काढून टाका. गरम लेन्ससमोरची हवा थरथरते आणि फोटो मऊ येतो.

सामान

लेन्सबद्दल माझं मत ऐकून पोरं नाराज होतात. पहिल्या वेळेला १००-४०० पुरे. हिमबिबट्या बहुतेक वेळा समोरच्या उतारावर, अर्धा किलोमीटर किंवा त्याहून लांब असतो. तेवढ्या अंतरावर सहाशेलाही तो ठिपकाच असतो आणि मधली हवा तपशील खाते. उलट भरल (डोंगरी निळी मेंढी), आयबेक्स (रानबकरा), लाल कोल्हा ही मंडळी गावाजवळ येतात. त्यांना १००-४०० छान पडते. सहाशे आणि १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) हे दुसऱ्या खेपेचं काम. ७०-२०० मात्र न्या. एवढासा प्राणी आणि वर पसरलेला अख्खा डोंगर, असा फोटो त्या जागेची गोष्ट जास्त सांगतो.

ट्रायपॉड कार्बन फायबरचा असेल तर उत्तम. ॲल्युमिनियमचा असेल तर पायांना फोमची नळी गुंडाळा, उघडा धातू हाताला चावतो. पाय ओले असताना मिटले तर लॉक गोठून बसतात, म्हणून आधी पुसा. बीनबॅग शिंप्याकडून जुन्या जीन्सची शिवून घ्या आणि रिकामीच न्या. स्पितीत वाटाण्याचं पीक मोठं, काझाच्या दुकानात सुके वाटाणे मिळतात. तिथं भरा, परतताना ज्यांच्या घरी राहिलात त्यांना देऊन या.

आणि घोंगडी. पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरांकडून घेतलेली अस्सल लोकरीची, जाड, काळी. बर्फावर अंथरून तिच्यावर पडलं तर गारठा वर येत नाही, वारा सुटला तर अंगावर आणि कॅमेऱ्यावर एकदमच घेता येते. सिंथेटिक चटया वाऱ्यात फडफडतात आणि जनावर बिचकतं. घोंगडी गप्प असते. वजन आहे, पण मी तिच्यासाठी दोन जाकिटं कमी करेन.

अंगाला सुती कपडा नको. घाम धरून ठेवतो आणि थांबलात की तोच घाम गारठवतो. आत मेरिनो किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं. बूट एक नंबर मोठे, नाड्या सैल, म्हणजे पायात रक्त खेळतं. डोळ्यांना चांगला गॉगल हवाच. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं डोळे भाजतात, आणि ते रात्री कळतं. खिशात शेंगदाण्याची चटणी, गूळ, डिंकाचे लाडू. चॉकलेट दगड होतं. लाडूही होतो, पण चघळता येतो.

बॅटऱ्या किमान चार, मिररलेस असेल तर सहा, कारण व्ह्यूफाइंडर सतत वीज खातो. त्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या पिशवीतच न्यायच्या, बुक केलेल्या सामानात चालत नाहीत.

तिथं पोचल्यावर आधी काही करू नका

हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळं मनालीकडून नाही, शिमला-किन्नौर-नाको-ताबो असं वर चढत काझाला जावं लागतं. लांब पडतं, पण हळूहळू उंची वाढल्यामुळं शरीराला ते बरं. किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर आहे. लडाखला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. समुद्रसपाटीजवळून विमानानं थेट ३,२०० मीटरच्या वर उतरतात. दोन दिवस पूर्ण आराम, भरपूर पाणी, दारू नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हे कोल्हापुरातल्या तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागली तर फोटो गेला खड्ड्यात, लगेच खाली उतरायचं.

हिमबिबट्यासाठी जानेवारी ते मार्च हा काळ. तो मिलनाचाही असतो, आणि बर्फामुळं भरल-आयबेक्स खाली उतरतात, मागोमाग तोही. भारतातल्या पहिल्या देशव्यापी गणनेत, जिचे आकडे २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले, ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज निघाला. त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. म्हणजे दिसणं हे नशिबापेक्षा गावातल्या माणसांच्या डोळ्यांवर जास्त अवलंबून आहे. किब्बरची माणसं पहाटेपासून दुर्बिणी लावून कडे चाळत असतात. त्यांना चांगले पैसे द्या, घासाघीस करू नका. लग्नाचा फोटोग्राफर म्हणून सांगतो, घासाघीस केलेल्या माणसाचं लक्ष कामात राहत नाही.

पहाट ते संध्याकाळ

कॅमेरा रात्रभर बिनशेगडीच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेला. बॅटरी आणि कार्ड तुमच्याजवळ, झोपायच्या पिशवीत. पहाटे बाहेर आलात की कॅमेरा आधीच गार आहे, लेन्स हवेच्या तापमानाला आहे. पहिला फोटोही स्वच्छ येतो. ज्यांनी लेन्स उबेत ठेवली, त्यांच्या लेन्सला थंड व्हायला वेळ लागतो आणि तोवर हूडमधली गरम हवा थरथरत राहते. पोरं म्हणतात फोकस चुकतोय, लेन्स खराब आहे. लेन्स चांगली असते.

गाडीतून फोटो काढायचा तर हीटर आधीच बंद. काच खाली केली की आतली गरम हवा बाहेरच्या थंड हवेत मिसळताना जे वळवळतं, त्यातून कुठलीही लेन्स नीट बघू शकत नाही. ड्रायव्हरला विनंती करा, त्याला चहा पाजा.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून तोंडानं श्वास सोडला की काच गोठते, आणि ती पुसताना ओरखडे पडतात. श्वास बाजूला, खाली सोडा. तोंडावर पातळ कापड असेल तर वाफ वर डोळ्यांकडे जाते, ते नाकाखाली घ्या. लेन्सवर बर्फ पडला तर फुंकर मारायची नाही, तुमच्या श्वासात पाणी आहे. मऊ ब्रश किंवा रबरी ब्लोअर. कॅमेरा जाकिटात कोंबायचा तर मुळीच नाही. अंगाचा घाम आणि वाफ तिथं भरलेली असते.

सेटिंग्ज फार डोक्याला लावून घेऊ नका. स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ/८, शटर १/२००० च्या आसपास सुरुवात करा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे नेऊन, पण कडेला न चिकटू देता, जुळवा. मिररलेसमध्ये झेब्रा (जळणाऱ्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) लावला तर बर्फ कुठं जळतोय ते आधीच दिसतं. रॉमध्येच (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, सावलीतला बर्फ निळा पडतो आणि तो घरी सुधारता येतो. निळा सगळा काढूनही टाकू नका, थंडीचा रंग तोच आहे.

पडणाऱ्या बर्फात मोठ्या क्षेत्राचा ऑटोफोकस लेन्सजवळच्या कणांना पकडतो. एकच पॉइंट घ्या, जमत असेल तर डोळ्यावर, आणि ट्रॅकिंगची चपळाई कमी करा. कण थिजलेले हवे असतील तर १/१००० किंवा वर, रेषा हव्या असतील तर १/१२५ च्या खाली. कोल्ह्याला बर्फाच्या रेषा शोभतात. हिमबिबट्या आधीच खडकासारखा दिसतो, त्यावर रेषा मारल्या तर काही उरत नाही.

तो शोधायचा तर कड्याची वरची धार बघा, पहाटे आणि दिवस मावळताना. दुपारी तो उन्हात पडलेला असतो. भरलांचा कळप एकदम एकाच दिशेला ताठ उभा राहिला की तिकडं दुर्बीण. कावळे-गिधाडं एका जागी घिरट्या घालत असतील तर शिकार असू शकते आणि मग तो दोन-चार दिवस तिथंच राहतो.

हेच सगळ्यात मोहाचं. शिकारीवरच्या हिमबिबट्याच्या जवळ जायचं नाही. हिवाळ्यात एक शिकार म्हणजे त्याच्या अंगातली आठवडाभराची ऊब. तुम्ही पन्नास मीटर पुढं सरकलात आणि तो उठून गेला तर ती ऊब तुम्ही घेतलीत. बर्फातून पळणाऱ्या भरलांचंही तेच. जनावर चरायचं थांबून तुमच्याकडं बघायला लागलं की तुम्ही जास्त जवळ आहात, मागं या. आमिष टाकणं, दगड मारून उठवणं, ड्रोन उडवणं, हे कुणी सुचवलं तर त्या गटातून बाहेर पडा. हिमबिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि कायदा नसता तरी तेच केलं असतं.

संध्याकाळची शिस्त: बाहेरच, उजेडात, कार्ड आणि बॅटरी काढून खिशात. मग कॅमेरा-लेन्स झिपलॉकमध्ये, हवा दाबून काढून, बंद. तेव्हाच दार उघडायचं. आत बुखारी पेटलेली, तिच्यावर किटली उकळतेय, ओले मोजे वाळतायत. सगळी खोली वाफेनं भरलेली असते. पिशवी उघडायची घाई नको, दोन-तीन तास लागतात. माझा सल्ला, कॅमेरा आत आणूच नका, शेजारच्या गार खोलीत राहू दे. फोटो कार्डवरून लॅपटॉपवर बघता येतात. वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं असेल तेव्हा बॅटऱ्या लावून टाका, कोमट झाल्यावरच.

परत आल्यावर

फोटो टाकताना लोकेशन काढून टाका आणि गुहेचं, नाल्याचं नाव लिहू नका. "किब्बर" एवढं पुरे. बॅटऱ्या महिनोन्महिने ठेवायच्या असतील तर साधारण अर्ध्या चार्जवर ठेवा. घोंगडी झटकून उन्हात टाका, धुवू नका. बीनबॅग रिकामी आहे ना बघा, नाहीतर वाटाण्यांना कीड लागते. आणि लेन्स कोरड्या डब्यात सिलिका जेलसह घाला. सिलिकाचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतं, पण त्या कढईत परत स्वयंपाक करायचा नाही. जूनमध्ये राधानगरीकडून पाऊस सरकला की आपल्या हवेत बुरशी धरायला आठवडा पुरतो, आणि हिमालयातून सुखरूप आलेल्या लेन्सा रंकाळ्याकाठच्या कपाटात खराब झालेल्या मी दुरुस्तीला येताना बघतो.